पलंग परत गेला, वाटी राहिली

“सून आली अन् गुडघं गेलं. पायगुण म्हणत्यात ते हेच की, लक्ष्मम्मा!”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. शैलश्रीसाठी तर नव्हतंच. ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलेल्या दोन बायकांमधलं ते बोलणं. पण ओसरी आणि मोरीच्या मधल्या भिंतीत एक झरोका आहे, आणि त्या झरोक्याच्या अलीकडे शैलश्री मला चिंचेनं घासत बसली होती. तिचा अंगठा माझ्या पोटात गोल गोल फिरत होता. तो थांबला.

आम्ही दोघी वाट बघत राहिलो. लक्ष्मम्मा आता म्हणेल, ‘छट्, काय तरी बोलू नको, राजूबाई.’ एवढं आलं असतं तरी पुरे होतं. आला तो शेंग फुटल्याचा आवाज. मग दुसऱ्या शेंगेचा.

शैलश्रीनं मला दोनदा विसळलं. एकदा पाण्यानं, आणि एकदा उगाचच.

तर मी एक वाटी. काशाची. तळहातावर मावेन एवढी, बुडाला गोल, काठाला जराशी जाड. बिदरच्या त्या काळ्या-चंदेरी सुरया असतात ना, काचेच्या कपाटात बसून पाहुण्यांकडे बघणाऱ्या, त्यांच्यातली मी नव्हे. माझा जन्म उदगीरचा. एक काशाचं ताट तडकलं, ते वितळवलं, आणि त्यातून मी आणि माझी एक बहीण निघालो. बहीण कुठं गेली ठाऊक नाही. मला शैलश्रीच्या आईनं घेतलं.

तिचे वडील कापडाच्या दुकानात दिवसभर उभे असत. संध्याकाळी दुकान बंद करून आले की आई माझ्यात बोटभर तूप घ्यायची आणि माझ्या बुडानं त्यांचे तळपाय घासायची. तूप हळूहळू काळं पडायचं. “बघा,” आई म्हणायची, “किती वात ओढून काढला वाटीनं!” वडील डोळे मिटून म्हणायचे, “व्हय, हलकं वाटायलंय.”

आता खरं सांगायचं तर मी काय ओढलं हे मला कधीच दिसलं नाही. तूप काळं पडतं एवढं खरं. ते माझ्यामुळे पडतं, पायामुळे पडतं की वातामुळे, हे मला आजही सांगता यायचं नाही. लोक कौतुक करतात तेव्हा गप्प बसावं, हे मी शैलश्रीकडून शिकले. ती लहानपणापासून तशीच. बघणार सगळं, बोलणार काही नाही.

मला त्या वाताचाच उलगडा होत नसे. शैलश्रीची आई देवापुढं बसून कापसाची वात वळायची. ती वात पेटवायची. वडिलांच्या पायातला वात म्हणे घालवायचा. आणि शैलश्रीचा धाकटा भाऊ अभ्यासाला बसला नाही की आई म्हणायची, “या पोरानं नुसता वात आणलाय!” एक वात वळतात, एक पळवतात, एक आणतात. मी धातूची. माझं डोकं नाही चालत यात.

शैलश्रीचं लग्न ठरलं कर्नाटकात, आळंद तालुक्यातल्या खजुरीला. मुलगा बसवेश, आळंदला बँकेत. सासरे गुरुशांतप्पा, तुरीचे व्यापारी. घरात मराठी आणि कानडी दोन्ही. साध्या गोष्टी मराठीत, आणि राग, प्रेम, लपवालपवी कानडीत. हे सगळं पुढं कळलं. त्या वेळी शैलश्रीला कानडीतलं ‘ऊट आयतू’ एवढंच येत होतं, म्हणजे ‘जेवण झालं’. हे वाक्य येत असलं की सासरी उपाशी मरत नाही, असं तिच्या मावशीचं मत.

लग्नात तिच्या वडिलांनी सागवानी पलंग केला होता. नवाकोरा, डोक्याशी कोरीव वेलबुट्टीचा. टेंपोत चढवून आणलाही. पण गुरुशांतप्पांनी मांडवात हात जोडले. “पावणे, आमी बसवण्णांची माणसं. लगीन म्हंजी देणं-घेणं न्हवं. पोरगी द्यायलात, ह्याच्यावर काय पायजे? पलंग परत न्या.” मांडवात सगळ्यांच्या माना डोलल्या. शैलश्रीच्या वडिलांना भरून आलं. आईनं भीतभीत विचारलं, “एवढी वाटी तरी ऱ्हाऊ द्या. पाय चोळायला.” गुरुशांतप्पांनी मला हातात घेऊन टिचकी मारली. मी खणखणीत वाजले. “ऱ्हाऊ दे,” ते हसून म्हणाले, “वाटीनं काय घर भरत न्हाई.”

असा पलंग परत गेला आणि मी राहिले. माझं मला फार कौतुक वाटलं होतं तेव्हा. पलंगाला हरवलं म्हणून.

घर तीन खोल्यांचं. सगळीकडे शहाबादी फरशी, उन्हाळ्यात छान आणि हिवाळ्यात तळ्यासारखी. पुढं ओसरी, तिथं तुरीची पोती, आणि पोत्यांजवळ बाकड्यावर गुरुशांतप्पा निजायचे. हंगामात माल सोडून आत निजायचं नाही, ही त्यांची रीत. आतली खोली बसवेश-शैलश्रीची, त्यात एक जुना, भरभक्कम पलंग. आणि मधलं घर लक्ष्मम्माचं. तिथं भिंतीला एक सुंभाची बाज उभी करून ठेवलेली. दिवसा उभी, रात्री आडवी होत असणार, असंच शैलश्रीला वाटलं. मलाही वाटलं. नवी सून जेवणं आवरून आत जायची तेव्हा लक्ष्मम्मा अजून ताटं पुसत असायची. सून उठायची तेव्हा सासूचं अंथरूण गुंडाळून कोनाड्यात गेलेलं असायचं. लक्ष्मम्माला कुणी निजताना पाहिलं नाही आणि उठतानाही नाही.

पहिले काही दिवस मी ट्रंकेत होते. साड्यांच्या घड्यांत पडून बाहेरचं ऐकायची. थंडी पडायला लागली तसा एक आवाज रोज सकाळी ऐकू यायला लागला. “अय्यय्यो…” आणि मग हळूच, दाबलेलं, “शिवा शिवा.” लक्ष्मम्मा उठताना भिंत धरायची. मग चालताना भिंत धरायला लागली. मग पूजेला खाली बसेना, स्टुलावर बसून इष्टलिंग हातात घ्यायची आणि ओशाळल्यासारखी दाराकडे बघायची, कुणी पाहत तर नाही ना म्हणून.

तेव्हा शैलश्रीनं मला बाहेर काढलं. घासून लख्ख करून सासूपुढं नेणार होती. आणि नेमकं झरोक्यातून ते आलं, सून आली अन् गुडघं गेलं.

तरी ती गेली. राजूबाई निघून गेल्यावर गेली. राजूबाई म्हणजे शेजारच्या, शेतकरी घरातल्या, तोंडानं फटकळ. पुराव्याची वाट न बघता निकाल देणाऱ्या.

“अव्वा, तूप लावून तळपाय चोळू का? आमच्या आईची वाटी हाय. वात ओढती म्हणत्यात.” सासूला ती अव्वा म्हणते, घरातले सगळे म्हणतात तसं.

लक्ष्मम्मानं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. “माज्या पायाला कामून हात लावायलीस? ठेव हितं. माझी मी चोळते.”

मी तिथं राहिले. मधल्या घरात. शैलश्री मान खाली घालून गेली. तिला वाटलं, पायगुणाच्या हाताला पायसुद्धा नको. मला काय वाटलं? मला काहीच कळेना. कारण दिवेलागणीनंतर, जेवणं झाल्यावर, लक्ष्मम्मानं मला घेतलं आणि तळपायाला असं जीव लावून चोळलं, की माझ्या बुडाला कळलं: या पायांना कुणीतरी चोळावं असं फार दिवसांपासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात वाताचं वारं सुटलं.

राजूबाई म्हणाल्या, लसूण दुधात उकळून दे. गुरुशांतप्पा म्हणाले, सुंठ खा, वात थंड असतो. बसवेशनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात एक गोरा-गोमटा माणूस सांगत होता की सुंठ-लसूण बंद करा. बसवेशनंच दोन निळे पट्टेही मागवले, गुडघ्याला बांधायचे. ते बांधून लक्ष्मम्मा चालली तेव्हा गुरुशांतप्पा म्हणाले, “आता एक हेल्मेट आण, म्हंजी क्रिकेटला पाठवू.” लक्ष्मम्मानं पट्टे सोडले, ते अजून तिच्या उशीखाली आहेत.

आणि ‘वातूळ’ हा शब्द घरभर फिरायला लागला. हरभरा वातूळ. वाटाणा वातूळ. वांगं वातूळ. कुणीतरी म्हणालं, तूरसुद्धा वातूळच. तेव्हा मात्र गुरुशांतप्पा उठून बसले. “तूर? गुलबर्ग्याच्या मुलखात ऱ्हाऊन तूर वातूळ? मग आमचे बाप-आजे काय हवेत उडत होते?” विषय संपला.

एका दुपारी लक्ष्मम्मा स्वयंपाकघरातून ओरडली, “शैला, हरळेण्णी आण गं जरा!” शैलश्री धावत परसात गेली आणि ओंजळभर हिरवीगार हरळी उपटून घेऊन आली. माती झटकून, धुऊन. “अव्वा, ही घ्या. वाटायची का?” राजूबाई तिथंच होत्या. आधी त्यांना कळेना. मग त्या भिंतीला टेकून हसल्या, डोळ्यांना पदर लावून. “अगं, हरळेण्णी म्हंजी एरंडाचं तेल! हरळी न्हवं! सासूला काय गणपती समजून दुर्वा व्हायलीस?” लक्ष्मम्माही हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिनं सुनेच्या डोक्यावर टपली मारली. शैलश्री लाजली. पण संध्याकाळी मला पुसताना ती पुटपुटत होती, “एण्णी म्हणजे तेल. हरळ म्हणजे एरंड. हरळी म्हणजे फजिती.”

मग वैद्यांकडे जायचं ठरलं. आळंदला मृत्युंजय वैद्य आहेत. त्यांच्याकडे बाहेर नेहमी गर्दी, आणि आत कडू-गोड वास. लक्ष्मम्माबरोबर शैलश्री गेली आणि पिशवीत मला घेऊन गेली, विचारायला, ही वापरली तर चालेल का.

वैद्यांनी नाडी पाहिली. बसवेशनं आधीच आळंदच्या दवाखान्यात काढून आणलेला गुडघ्यांचा फोटो उजेडाकडे धरला. लक्ष्मम्माशी ते कानडीत बोलले आणि शैलश्रीकडे वळून मराठीत. “थोडी झीज हाय, वयाची. सूज न्हाई, ताप न्हाई, ते बरं. तीळ-तेल कोमट करून लावा. निर्गुंडीचा पाला तव्यावर गरम करून शेक द्या. उपाशी ऱ्हायचं न्हाई, शिळं खायाचं न्हाई. वात म्हंजी कोरडा अन् थंड, त्याला ऊब अन् ओशट पायजे. महिन्यात फरक न्हाई पडला, सूज आली, तर हाडाच्या डॉक्टरकडं जायचं. माझ्याकडं बसून ऱ्हायचं न्हाई.”

शैलश्रीनं मला पुढं केलं. त्यांनी मला उलटं-सुलटं केलं, टिचकी मारली. माझ्या आयुष्यात ज्याच्या त्याच्या टिचक्याच. “चोळा की! बरं वाटंल, झोप लागंल. पर वाटीनं वात जात असता तर मी दुकान कवाच बंद केलं असतं.”

इतकी वर्षं मी गप्प बसले होते ते बरंच झालं म्हणायचं.

मग वैद्य पुन्हा लक्ष्मम्माकडे वळले आणि सहज, कागदावर लिहिता लिहिता, कानडीत विचारलं, “नेलद म्याल मलगतीरेनु?”

लक्ष्मम्मा जरा थांबली. “इल्लरी,” म्हणाली. नाही.

वैद्यांनी लिहिणं चालू ठेवलं. पण ते थांबणं शैलश्रीनं पाहिलं. मीही पाहिलं. परतताना टमटममध्ये तिनं विचारलं, “अव्वा, वैद्य काय म्हणले? कुणी काय नेलं?”

लक्ष्मम्मा बाहेर बघत होती. रस्त्याकडेला हरभऱ्याचं रान निळसर दिसत होतं. “कुणी काय न्हेलं न्हाई गं,” ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, जणू स्वतःशीच, “न्हेलं असतं तर म्या सांगितलं असतं का?”

आता यातून मी काय समजावं? वैद्य कुणाच्या चोरीची चौकशी कशाला करतील? मला वाटलं, घरातून काही गेलं असावं. शैलश्रीला वाटलं, आपल्यावर काही आळ येणार. त्या संध्याकाळी ती ट्रंक उघडून सगळ्या वस्तू मोजत बसली. काहीच गेलं नव्हतं.

तेल झालं. शेक झाला. निर्गुंडीचा वास घरभर. दुपारी लक्ष्मम्माचे गुडघे बरे असायचे, जरा चालायची सुद्धा. सकाळी पुन्हा अय्यय्यो. रोज दुपारी बरं, रोज सकाळी वाईट. मी विचार करकरून थकले. हा कुठला वात, जो दिवसा जातो आणि रात्री कुणीतरी आणतं?

तशातच येळवस जवळ आली. आमच्या भागात या अवसेला मोठा मान. सगळं घर रानात जातं. कडब्याची खोप करायची, रानाची पूजा करायची, शेंगांची भज्जी, म्हणजे मिसळ भाजी, आणि ज्वारीचे उंडे खायचे, वर अंबील. ती अंबील ज्या घागरीत नेतात, तिला इथं बिंदगं म्हणतात. बिंदगं घरच्या लक्ष्मीनं डोक्यावर घेऊन चालत न्यायचं. लक्ष्मम्मा लग्न होऊन आल्यापासून ते तीच नेत आली होती. गाडी असो, ट्रॅक्टर असो, ही चालतच.

“औंदा बिंदगं कोण नेणार?” राजूबाईंनी आदल्या दिवशी विचारलं. त्या भज्जीसाठी वाल घेऊन आल्या होत्या.

लक्ष्मम्मा वाल निवडायला लागली.

“सुनेच्या डोक्यावर देऊ नको बाई एवढ्यात. पायगुण बघितलास की. रान हाय, पीक उभं हाय. म्या नेईन तुझं, माझ्याबरुबर.”

या वेळी झरोका नव्हता, भिंत नव्हती. शैलश्री चुलीजवळच बसली होती. राजूबाईंच्या ते मागून लक्षात आलं आणि त्या खोकल्या. लक्ष्मम्मानं सुनेकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. मी कोनाड्यातून पाहत होते. शपथेवर सांगते, तिला काहीतरी बोलायचं होतं. शब्द ओठापर्यंत आला आणि माघारी गेला, जसा तो पलंग मांडवातून गेला होता.

शैलश्री उठली आणि मधलं घर झाडायला गेली. दुसरं काय करणार? झाडूच्या रागाला कुणी हरकत घेत नाही.

झाडता झाडता तिला फरशीवर एक गोल दिसला. तुपाचा, थिजलेला, पांढरा. माझ्या बुडाएवढा. भिंतीपासून हातभर अंतरावर. तिनं मला कोनाड्यातून उचलून त्या गोलावर ठेवलं. बरोबर बसले. मग ती तिथंच खाली बसली आणि हात लांब केला, निजल्यावर करतो तसा. हात माझ्यापर्यंत पोचला. बाजेवर निजणारं माणूस वाटी इतक्या खाली कशाला ठेवेल?

ती उठली आणि भिंतीला टेकवलेली बाज पुढं ओढली. बाजेला मधोमध सुंभच नव्हता. तुटून लोंबत होता, कोळ्यांनी त्यावर जाळी धरली होती. या बाजेवर या हिवाळ्यात कुणी निजलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यातही नसेल.

मी फरशीवरच होते; दिवा मालवल्यावर बाज आडवी होते की नाही, हे मला दिसत नसे. मला ती फरशी रोज रात्री माहीत होती. माझ्यातलं तूप दिवेलागणीला पातळ असायचं आणि पहाटे दगड. मी कितीदा मनात म्हटलं असेल, किती गार लागतंय. पण मला वाटलं, मीच गार आहे. धातूला असं वाटतं.

शैलश्रीनं आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या पायाला हात लावला. जुना, सागवानी, घासून गुळगुळीत झालेला. डोक्याकडच्या लाकडावर कुंकवाचा एक पुसट डाग होता, रोज सकाळी कुणीतरी उठता उठता बोट टेकवून केलेला. तो डाग तिच्या कुंकवाचा नव्हता. ती टिकली लावते.

मग ती परसात गेली आणि कुंपणापलीकडे राजूबाईंना हाक मारली. मी तिच्या हातातच होते.

“राजूकाकू, नेल म्हंजी काय हो?”

“कुठं नेलं?”

“तसं न्हवं. कानडीत. नेल.”

“नेल म्हंजी भुई गं. फरशी. कामून?”

“अन् मलगायचं म्हंजी?”

“निजायचं. काय आज अभ्यासाला बसलीस का काय?”

शैलश्रीचा हात माझ्याभोवती एवढा आवळला, की मला वाटलं आता मी पुन्हा ताट होते की काय. वैद्यांनी विचारलं होतं: भुईवर निजता का? आणि लक्ष्मम्मा म्हणाली होती: नाही.

सासऱ्यांनी भर मांडवात पलंग परत केला. घरात पलंग एकच, इतकी वर्षं लक्ष्मम्मा निजायची तो. पोराचं लग्न झालं, आतली खोली आणि पलंग त्याचा झाला. लक्ष्मम्मानं नवऱ्याच्या शब्दाखाली आपलं अंथरूण घातलं आणि कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला बाकडं होतं, त्याला वाटलं हिला बाज आहे. पोराला काहीच वाटलं नाही, पोरांना पलंग असतोच. आणि राजूबाई ‘पायगुण’ म्हणाल्या तेव्हा ‘न्हाई’ म्हणायचं, तर पुढचा प्रश्न आला असता, ‘मग कशानं?’ म्हणून लक्ष्मम्मा शेंगा सोलत राहिली. तिनं सुनेला दोष दिला नव्हता. सुनेपासून एक गोष्ट लपवली होती. पण लपवलेलं आणि लावलेलं, ऐकणाऱ्याला सारखंच लागतं.

आता सांगा, यात वात कुठला? पायातला? फरशीतला? की न बोललेल्या शब्दातला? मला अजून कळलेलं नाही. झीज आहे म्हणाले वैद्य, ती आहेच, पलंगानं ती भरून येणार नाही. मी तरी काय करणार? मी वाटी. चोळलं तर बरं वाटतं, एवढंच माझं काम. पण एक विनंती करते. तुमच्या घरात कुणी ‘मला कुठंही झोप लागते’ असं म्हणत असेल, तर एकदा पहाटे उठून बघा, कुठं लागते ते. तेल, पाला, लसूण सगळं करा, पण आधी ते बघा. मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

आज येळवस. मी आत्ता या क्षणी शैलश्रीच्या हातात आहे. माझ्यात कालचं थिजलेलं तूप तसंच आहे, तिनं पुसू दिलं नाही. ओसरीवर सगळे निघायच्या तयारीत आहेत. भज्जीचं पातेलं फडक्यात बांधलंय. उंड्यांची दुरडी भरलीय. गुरुशांतप्पा खांद्यावर टॉवेल टाकून उभे, बसवेश गाडीची किल्ली फिरवतोय. बिंदगं उंबऱ्यात ठेवलंय, त्याच्या गळ्याला हळद-कुंकू, आणि त्याच्या बाजूला लक्ष्मम्मा भिंत धरून उभी. हातात चुंबळ. राजूबाई चुंबळीसाठी हात पुढं करतायत.

आणि राजूबाईंचं लक्ष गेलं. “काय गं नव्या नवरी, रानात वाटी घेऊन निघालीस? भज्जी वाटीनं खाणार का?”

बसवेश हसला. शैलश्री हसली नाही. तीन खोल्यांच्या या घरात तिचा आवाज अजून कुणी पुरता ऐकला नव्हता. मीही नाही.

“राजूकाकू,” ती म्हणाली, “तुमी म्हणलात ते खरं हाय. माझाच पायगुण.”

बसवेशच्या बोटातली किल्ली थांबली.

“आमचा पलंग ह्या घरानं घेतला न्हाई, अन् मी ह्या घराचा घेतला. मी आले अन् अव्वा फरशीवर गेल्या. तिकडची बाज तुटलीय, जाऊन बघा. हे तूप बघा, रात्रभर त्यांच्या उशाशी होतं, दगड झालंय. मग गुडघ्याचं काय हुईल?”

तिनं मला पुढं केलं. गुरुशांतप्पांनी वाकून माझ्यात पाहिलं. त्यांनी आज टिचकी मारली नाही. त्यांनी बोट लावलं, थिजलेल्या तुपावर, आणि ते बोट बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग बायकोकडे पाहिलं. “लक्ष्मी, तू बाजेवर…?” एवढंच म्हणाले. राजूबाईंनी पुढं केलेला हात पदरात घेतला.

लक्ष्मम्मा कुणाकडेच बघत नव्हती. मग शैलश्री तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि काल दिवसभर पाठ केलेलं वाक्य अर्धं कानडीत, अर्धं मराठीत म्हणाली, “अव्वा, नेलद म्याल मलगू नका री.”

लक्ष्मम्माच्या ओठांचा कोपरा हलला. हसू होतं की रडू, मला सांगता येत नाही, मी आधीच म्हटलं, मला फार काही कळत नाही. तिनं हातातली चुंबळ उचलली आणि सुनेच्या डोक्यावर ठेवली, नीट, दोन्ही हातांनी दाबून, बिंदगं डळमळू नये म्हणून बसवतात तशी.

“मलगब्याड्री,” ती म्हणाली. “असं म्हणायचं. मलगू नका न्हवं. मलगब्याड्री.”

शैलश्रीनं चुंबळीला हात लावला, खात्री करून घेतल्यासारखा. आणि म्हणाली,

“शिकते की, अव्वा. पर आज रातच्यापासून शिकवायचं ते पलंगावर बसून.”